धनेशरावांचा पूर्ण झालेला बांध

एका जंगलात, म्हणजे झाडं संपता संपता जिथे खाडीचं पाणी लागतं अशा एका जंगलात, एक बांध होता. मुलांनो, नीट बसा. गोष्ट बांधाची आहे, वाघाची नाही. या जंगलात पूर्वी एक वाघ होता, पण तो बदली करून घेऊन घाटावर गेला.

तर बांध. एका बाजूला खारी खाडी, दुसऱ्या बाजूला खोलगट जमीन, आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. त्या खोलगट जमिनीला खालवाडी म्हणत. तिथे साळू, ससे, मुंगूस, रानकोंबड्या अशी पायांनी चालणारी मंडळी राहत. वाडीत एका फणसाखाली गोड्या पाण्याचा झरा होता. साऱ्या वाडीला पिण्याचं पाणी तेवढंच. बांध आहे तोवर झरा गोड, हे तिथल्या पिल्लांनाही ठाऊक होतं.

बांध कुणी घातला ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यावर कुणाचं नाव नव्हतं. दरवर्षी शिमगा झाला की घरटी एक टोपली चिखल बांधावर टाकायचा, पायांनी तुडवायचा आणि हात धुऊन घरी जायचं, एवढीच त्याची व्यवस्था. समिती नव्हती, अध्यक्ष नव्हता, सत्कार नव्हता. एवढ्या सगळ्या गैरसोयी असूनही बांध टिकून होता.

मग जंगलाला आमदार मिळाले.

आमदार म्हणजे धनेशराव. धनेश पक्षी तुम्ही पाहिला नसेल तर एकदा पाहून घ्या. केवढी ती चोच, आणि चोचीवर पुन्हा एक भलामोठा टोप. लांबून वाटतं, केवढा भार वाहतोय बिचारा. टोप आतून पोकळ असतो. धनेशराव उडत येत आणि उडत जात. वाटेवर चिखल आहे, ओढ्यावरचा साकव मोडलाय, याची त्यांना खरोखरच कल्पना नसे. तेव्हा त्यांना कुणी खोटारडं म्हणू नये.

त्यांचे सचिव होते भारद्वाज. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं लोक मानतात. त्यामुळे भारद्वाजांचीही समजूत झाली होती की आपण दिसलो की लोकांचं काम झालं.

निवडून आल्यावर दोघे बांधावर उतरले. खालवाडीची मंडळी नुकतीच चिखल तुडवून उभी होती. त्यात आवडाबाय होती. आवडाबाय ही साळू, म्हणजे साळींदराची बाई. नवरा नव्हता, दोन पिल्लं होती, आणि तिचं बीळ झऱ्याला अगदी लागून होतं. अंगावर काटे असले तरी तिनं ते आजवर कुणावर उभारले नव्हते.

"हा बांध तुम्ही स्वतः दुरुस्त करता?" धनेशरावांनी विचारलं.

"व्हय," आवडाबाय म्हणाली. "घरटी एक टोपली. जास्त काय नाय."

"अरेरे. मी असताना तुम्ही चिखलात? यापुढे एकही टोपली उचलायची नाही. या बांधाचं मजबुतीकरण मी करणार."

"पण बांध मजबूतच आसा."

"म्हणूनच तर," धनेशराव म्हणाले. "मजबूत बांधाचंच मजबुतीकरण चांगलं होतं."

यावर टाळ्या पडल्या. का पडल्या ते मला विचारू नका.

पंधरवड्यात भूमिपूजन ठरलं. बांधावर जिथे उजेड चांगला पडतो अशी जागा भारद्वाजांनी शोधली. मंडप घातला, नारळ फुटला. कुदळ नव्हती, पण धनेशरावांना चोच होती. त्यांनी चोच हाणली आणि बांधाचं एक ढेकूळ उडालं.

"साहेब, आणखी एकदा," भारद्वाज म्हणाले. "फोटोत टोप आला नाही."

धनेशरावांनी आणखी एकदा चोच हाणली. मग तालुक्याचे पाहुणे उशिरा आले, त्यांच्यासाठी आणखी दोनदा. मग महिला आघाडीबरोबर वेगळी.

पावसाळा उलटल्यावर दुसरं भूमिपूजन झालं, कारण पहिलं जुन्या योजनेतलं होतं. पुढे तिसरं झालं, कारण दुसऱ्याला मोठे साहेब येऊ शकले नव्हते. जागा तीच, मंडपाचे खांब तिथेच रोवलेले होते ना. तिसऱ्या भूमिपूजनानंतर तिथे एवढं भोक पडलं की मुंगूस मान न वाकवता आरपार जाई.

आणि या सगळ्या वर्षांत शिमगा झाला तरी कुणी टोपली उचलली नाही. सरकारी काम होणार असताना अंगाला चिखल कोण लावून घेईल?

मोठ्या भरतीला भोकातून थोडं पाणी आत यायला लागलेलं आवडाबायनं पाहिलं आणि ती तडक भारद्वाजांकडे गेली.

"बांधाक भोक पडला हा," ती म्हणाली. "साहेबांच्या चोचीन."

"भोक नाही ते," भारद्वाज म्हणाले. "ती कामाची सुरुवात आहे."

"सुरुवातीतसून पाणी येता."

भारद्वाजांनी मग रीतसर चौकशी लावली. खेकड्यांनी बांध पोखरला असावा, असं पुढे आलं. खेकड्यांना बाजू मांडायला बोलावलं. ते बिचारे नेहमीप्रमाणे आडवे चालत आले. त्यावरून त्यांचा हेतू सरळ नसल्याचं सिद्ध झालं आणि चौकशी संपली. भोक होतं तिथेच राहिलं.

आता निवडणूक चार महिन्यांवर आली होती. धनेशरावांनी आपल्या कामांची एक पुस्तिका छापून घेतली. कागद गुळगुळीत. प्रत्येक पानावर धनेशराव, कधी डावीकडे बघणारे, कधी उजवीकडे. ती पुस्तिका घेऊन ते नेमके गाऱ्हाण्याच्या दिवशी राईत आले.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. राईत जंगलाचा राखणदेव होता. वर्षातून एकदा सकाळी सगळे त्याच्यापुढे जमत. सर्वांत म्हातारा बाबल कासव, त्याला सगळे बाबलआजा म्हणत, देवाला एकेक गोष्ट सांगे. तो दम घ्यायला थांबला की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." पिल्लांना चालता येण्याआधी हे येई. गाऱ्हाण्यात 'नाय' कुणी म्हणत नसे. मध्येच खो घालून गाऱ्हाणं मोडलं तर झरा आटतो, असं आवडाबायला तिच्या आवशीनं, म्हणजे आईनं, सांगितलं होतं, आणि आवशीला तिच्या आवशीनं.

"बाबलआजा," धनेशराव हात जोडून म्हणाले, "मी काही लोकांसमोर बढाया मारणारा नाही. तेवढं हे देवाच्या कानावर घाला."

हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही.

बाबलआजानं पुस्तिका हातात घेतली. देवापुढे उभं राहून बोलायची एकच चाल त्याला येत होती. त्याच चालीत त्यानं सुरुवात केली.

"बा राखणदेवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज तुझ्या पायाकडे तुझी लेकरा जमली हत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाबलआजानं पान उलटलं.

"बांधाकडच्या वाटेर स्वागतकमान उभी केली हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे खरं होतं. कमान होती.

"कमानीचा सुशोभीकरण केला हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"खाडीक दिवसातसून दोन येळा भरतीची सोय केली हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"किनाऱ्यार येणाऱ्या पावण्यांसाठी सूर्यास्त चालू केलो हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"खालवाडीच्या खारबांधाचा मजबुतीकरण पुरा झाला हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आवडाबायही म्हणाली. तोंडानं आधी म्हटलं आणि कानांनी नंतर ऐकलं. तिनं शेजारच्या सशाकडे पाहिलं. तोही गोंधळून डोळे मिचकावत होता. पण बाबलआजा पुढच्या पानावर गेला होता, आणि झरा आटू नये म्हणून ती गप्प राहिली. मला तिचा राग येत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही 'व्हय' म्हटलं असतं, आणि बहुधा तिच्यापेक्षा मोठ्यानं.

भारद्वाज मागे बसून एकेक 'व्हय' लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आवडाबाय त्यांच्या दारात उभी राहिली.

"बांध पुरा झालो नाय," ती म्हणाली. "आमी ता काल सवयीन म्हटला."

"देवासमोर सवयीनं बोलता तुम्ही?"

"तशी रीतच आसा."

भारद्वाजांनी कागद पुढे केला. "हे बघा. काम पूर्ण झाल्याचं रहिवाशांनी देवासमक्ष, एकमतानं मान्य केलं. आता तुम्ही नाही म्हणताय. म्हणजे दोनपैकी एक खोटं. कुठलं खोटं लिहू, कालचं की आजचं?"

आवडाबायला एवढंच कळत होतं की आषाढातली अमावास्या आठ दिवसांवर आहे आणि त्या दिवशी खाडीला उधाण येतं. घरी जाऊन तिनं टोपली काढली.

तिच्याबरोबर ससा आला, रानकोंबडी आली, दोन मुंगसं आली. भोकापाशी पोचले तर तिथे एक नवी पाटी. 'खारबांध मजबुतीकरण. काम पूर्ण. हात लावू नये.' पाटी भोकाला इतकी खेटून होती की तिचा एक खांब भोकातच होता.

"काकी," ससा म्हणाला, "हात लावू नको म्हणान लिवला हा."

"लिवला तर लिवला. भोक दिसता काय नाय तुका?"

"दिसता. पण भोक बुजवूचा म्हणजे बांध पुरा झालो नाय असा झाला. मगे आमी देवासमोर खोटा बोललो असा झाला."

"बोललोच आमी खोटा."

हे ऐकून रानकोंबडी मागे सरली. "असा बोला नको, काकी," ती म्हणाली. "माझी पिल्ला लहान हत. देवाचो कोप झालो तर?"

आवडाबायनं एकटीनं तीन टोपल्या टाकल्या. चौथी उचलली तेव्हा सशानं ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली. भारद्वाजांना यावंसुद्धा लागलं नाही. मंडळी तिला समजावत घरी घेऊन गेली, कारण सगळ्यांचा तिच्यावर जीव होता.

अमावास्येला भरदुपारी खाडी फुगली. आधी भोकातून पाणी आलं, मग भोकाच्या दोन्ही बाजू ढासळल्या, मग भोक कुठलं आणि बांध कुठला ते कळेना. पाटी मात्र सिमेंटात रोवलेली होती. ती जागची हलली नाही.

कुणी बुडालं नाही. सगळे वेळेवर टेकडीच्या पायथ्याशी धावले. चार दिवसांनी पाणी उतरलं तशी मंडळी परत आली. बिळांत गाळ भरला होता, तो काढता येणार होता. आवडाबायचं धाकटं पिल्लू धावत झऱ्यापाशी गेलं, तोंड लावलं आणि थुंकलं.

"आये," ते म्हणालं, "झऱ्यात मीठ कोणी टाकल्यान?"

आवडाबायनं चाखून पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी चाखलं, आठ दिवसांनी चाखलं, महिन्यानं चाखलं. दर भरतीला खाडी आत येत होती आणि झरा खाराच राहत होता. एक दिवस ती फणसाला टेकून बसली आणि पोटभर रडली. आवशीनं सांगितलं होतं तसं तिनं गाऱ्हाणं मोडलं नव्हतं, तरी झरा गेला होता.

आता गोडं पाणी टेकडीवर, पार वरच्या डबक्यात. म्हाताऱ्या सशांना तिथवर चढवत नसे. ते खारंच पीत आणि ओकत.

धनेशरावांनी हवाई पाहणी केली. म्हणजे ते रोजच्यासारखे उडत गेले, पण या वेळी खाली बघत. वरून पाणी फार सुरेख दिसत होतं, असं त्यांनी भारद्वाजांना सांगितलं.

मतदानाला आठवडा राहिला तेव्हा स्वागतकमानीखाली सभा झाली. धनेशराव भरतीची सोय आणि सूर्यास्त इथपर्यंत आले होते. तेवढ्यात आवडाबाय पुढे आली. तिच्या हातात नारळाची करवंटी होती आणि करवंटीत झऱ्याचं पाणी. तिचे काटे प्रथमच उभे राहिले होते, त्यामुळे सगळ्यांनी तिला वाट दिली.

"साहेबांनु," ती म्हणाली, "ह्या तुमच्या पुऱ्या झालेल्या बांधाच्या आतला पाणी. आमचे म्हातारे ह्याच पितत. तुमी ह्या पिया, आणि मगे लोकांसमोर सांगा, बांध पुरा झालो काय नाय झालो."

भारद्वाज लगबगीनं पुढे झाले. "साहेबांना पथ्य आहे," ते म्हणाले. पण सशानं त्यांना अडवलं. होय, त्याच सशानं. रानकोंबडीही पिल्लांना घेऊन पुढे आली. बाबलआजानं मान कवचाबाहेर काढली. सगळी वाडी धनेशरावांच्या चोचीकडे बघत होती.

मुलांनो, तुमच्या पुस्तकातल्या गोष्टी इथेच संपतात. लबाड उघडा पडतो, लोकांचे डोळे उघडतात आणि तुम्ही झोपायला जाता.

धनेशरावांनी करवंटीकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं. त्यांनी करवंटी उचलली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, तळातल्या गाळासकट. त्यांचा गळा वरखाली झाला, अंग शहारलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. असं पाणी प्यायल्यावर ते कुणाच्याही डोळ्यांतून येतं. करवंटी खाली ठेवून ते वाडीच्या बोलीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "खारा आसा."

आणखी काही बोलले नाहीत. बांधाबद्दल तर नाहीच.

"साहेब रडले," रानकोंबडी म्हणाली.

"आमच्यासाठी खारा पाणी प्याले," ससा म्हणाला. "दुसऱ्या खयच्या आमदारान कधी एक घोट तरी घेतल्यान?"

"गाळसुदा सोडूक नाय," एक मुंगूस म्हणालं.

"आपलो माणूस," बाबलआजा म्हणाला, आणि ते सगळ्यांना इतकं पटलं की म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. कुणीतरी करवंटी उचलून कपाळाला लावली.

"पण बांध?" आवडाबाय म्हणाली. "बांधाचा काय ता विचारा त्यांका."

ससा तिच्याकडे वळला. "काकी, तू जरा गप रव," तो म्हणाला. "दिसना नाय तुका? साहेबांक त्रास होता."

धनेशराव निवडून आले. मागच्या वेळेपेक्षा दुप्पट मतांनी आले. नव्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर त्यांचा करवंटीसह फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'खालवाडीच्या रहिवाशांसोबत पाणी प्राशन. काम पूर्ण.'

आवडाबायनं मत कुणाला दिलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. खालवाडीतून विरोधात एकच मत पडलं होतं, त्यामुळे सांगायची गरजही उरली नाही. ती आता पिल्लांना घेऊन टेकडीवरच्या डबक्याशी जाते. रांग मोठी असते. ती कितीही लवकर गेली तरी तिचा नंबर शेवटी लागतो, आणि तिची पाळी येईपर्यंत तळाशी नुसता चिखल उरलेला असतो.

तात्पर्य: तहानलेल्याला कधी पाणी पाजू नये, मुलांनो. पाणी पाजलेलं तो संध्याकाळपर्यंत विसरतो. आधी त्याचा झरा खारा करावा, मग त्याच्या शेजारी बसून त्यातलं करवंटीभर पाणी प्यावं. ते तो पाच वर्षं विसरत नाही. आणि झरा गोड करा म्हणून कुणी मागे लागलंच, तर काळजी करू नये. त्याला गप्प करायला त्याचे शेजारी आहेत.